वरचा प्लग ओला का?

विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन असतात, त्यामुळे एक मॅग्नेटो बंद पडला तरी इंजिन चालत राहते. सेस्ना १७२ च्या चार सिलिंडरच्या लायकमिंग इंजिनात असे आठ प्लग असतात. प्लगच्या टोकावर तेल साचले, की त्यातली काजळी विजेला आडवाट देते. ठिणगी पडत नाही आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते.

हा दोष बहुधा उड्डाणापूर्वीच्या चाचणीत उघड होतो. सेस्ना १७२ एस या विमानात इंजिन १८०० आरपीएमवर ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करतात. आरपीएम थोडा उतरतोच; १५० पर्यंतची घट चालते. पण घट किती यापेक्षा ती कशी होते, हे अधिक बोलके असते. इंजिन थरथरत, अडखळत उतरले तर संशय प्लगवर जातो. सुरळीत चालत जास्त उतरले, तर टायमिंग किंवा इंधनमिश्रण तपासावे लागते. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर असेल तर काम सोपे होते. एकाच मॅग्नेटोवर सगळ्या सिलिंडरांचे तापमान वाढते. ज्याचा प्लग मेलेला आहे, त्याचे मात्र धाडकन खाली येते.

प्लग काढले की ते सिलिंडरच्या क्रमाने, वरचे-खालचे वेगळे ठेवावेत. ही ओळख पुसली गेली तर निम्मे निदान हातचे जाते. मिश्रणात इंधन जास्त झाले तर प्लगवर कंदिलाच्या काचेवर धरते तशी कोरडी काजळी असते. इंधनातले शिसे राखाडी, कडक खड्यांच्या रूपात चिकटते. तेलाचा थर ओला, काळा, चकचकीत असतो.

सिलिंडर आडवे असल्याने इंजिन थांबल्यावर तेल खाली उतरते, म्हणून खालचा प्लग थोडा तेलकट असणे चिंतेचे नाही. वरचाही ओला निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये रिंगांवरून किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल शिरत आहे. नव्या सिलिंडरमध्ये रिंगा बसेपर्यंत असे होते. तिथे धीर धरावा. जुन्या इंजिनात प्रति चौरस इंच ८० पौंड दाबाची हवा भरून गळती तपासतात. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर दोष रिंगांचा, एक्झॉस्टमधून आली तर त्या व्हॉल्व्हचा. मात्र इथे फसगत होऊ शकते. ऑइल रिंग अडकली किंवा गाइड झिजली, तरी दाब उत्तम मिळू शकतो. अशा वेळी बोरस्कोपने सिलिंडर आतून पाहावा आणि तेलाच्या खपाची नोंद तपासावी. १८० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी लायकमिंगची कमाल मर्यादा तासाला अर्ध्या लिटरहून थोडी अधिक आहे.

प्लग साफ केल्यावर चाचणी बिनबोभाट पार पडते, पण तेल येण्याचे कारण तसेच राहते. खप वाढतो आहे आणि त्याच सिलिंडरचा वरचा प्लग पुन्हा ओला निघाला आहे, तर तो सिलिंडर उतरवूनच पाहावा.