शेतात गांडुळे सोडण्याआधी मोजून घ्या

गांडूळ कल्चर विकत आणून शेतात सोडण्याचा विचार असेल, तर आधी आपल्या जमिनीत गांडुळे किती आणि कोणती आहेत, हे तपासा. गांडूळखताच्या बेडमधील आयसेनिया फेटिडा मूळची युरोपातील, तर युड्रिलस युजेनी पश्चिम आफ्रिकेतील. दोन्ही शेणात व कुजणाऱ्या पाचोळ्यात वाढतात. उघड्या शेतजमिनीत सहसा टिकत नाहीत. माती खाऊन बिळे करणारी गांडुळे वेगळी. आपल्याकडची लॅम्पिटो मॉरिटी त्यांपैकी एक. नाव मॉरिशस बेटावरून पडले असले, तरी ती भारतात अनेक ठिकाणी आढळते.

कधी मोजावे?
ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वाफसा असताना, सकाळी. उन्हाळ्यात गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून पडतात. तेव्हाची मोजणी फसवी ठरते.

कसे मोजावे?
- २५ × २५ सें.मी. लांबी-रुंदीचा, ३० सें.मी. खोल खड्डा घ्या.
- माती गोणपाटावर काढून ढेकळे हाताने फोडा.
- द्राक्षबागेत बोदावर ५, दोन ओळींमध्ये ५ आणि बांधावर ५ खड्डे घ्या. नोंदी वेगळ्या ठेवा.
- सरासरीला १६ ने गुणल्यास प्रति चौरस मीटर संख्या मिळते. ५ खड्ड्यांत १५ गांडुळे, म्हणजे सरासरी ३ आणि चौरस मीटरला ४८.
- अंगावर जाड पट्टा असलेली गांडुळे पूर्ण वाढलेली. ती पिलांपासून वेगळी मोजा.
- मोजून झाल्यावर गांडुळे मातीत परत सोडा.

निष्कर्ष कसा काढावा?
इगतपुरीचा आकडा येवल्याला लावू नका. पाऊस आणि माती दोन्ही वेगळी. तुलना आपल्याच बांधाशी करा. बांधावर भरपूर आणि बोदावर नगण्य गांडुळे असतील, तर कारण बहुधा व्यवस्थापनात आहे. वर्षानुवर्षांच्या बोर्डो फवारणीतील तांबे वरच्या थरात साचते. त्याचे विघटन होत नाही आणि जास्त प्रमाणात ते गांडुळांना घातक ठरते. माती परीक्षणात तांबे तपासून घ्या. वारंवार रोटाव्हेटर आणि उघडी जमीन हीसुद्धा कारणे असतात.

अशा जमिनीत कल्चर सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. त्याऐवजी कुजलेले शेणखत द्या, छाटणीच्या काड्यांचा भुगा बोदावर पसरा, मशागत कमी करा. खाद्य, ओल आणि सावली मिळाली की बांधावरची गांडुळे हळूहळू आत येतात. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागांजवळ पुन्हा मोजा.