विश्लेषण : मे महिन्यात नवेगावबांधची पायी सहल, ऊन टाळायचे, पण अंधारात निघायचे नाही

सुट्ट्या लागल्या की अड्याळ, पवनी, लाखनी भागात एकदिवसीय सहलीचे बेत ठरतात. डोंगरांनी वेढलेला नवेगावबांधचा तलाव त्यात हमखास असतो. डोंगर आहे, पाणी आहे, म्हणजे गार असेल, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात हे डोंगर फार उंच नाहीत आणि मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

तलाव कोणी बांधला?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचे सांगितले जाते. भोवतालच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. बांधाच्या कामात या बहिणींनी मदत केली, अशी आख्यायिका आहे. कोलू पाटलांना लोक कोलासूर देव म्हणून पुजतात. पूर्वी हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

किती वाजता चालावे?

खरी मेख इथेच आहे. उन्हापासून वाचायचे तर पहाटे चालणे सोयीचे. पण पहाट ही अस्वलांचीही वेळ. उन्हाळ्यात मोहफुले आणि टेंभरांच्या मागे अस्वले फिरतात. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जाणाऱ्यांवर हल्ले होतात ते याच वेळेत. अस्वलाची नजर अधू असते. माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. म्हणून गाडीने अंधारात निघा, पण पायी वाट धरा ती लख्ख उजाडल्यावरच. सगळ्यांनी एकत्र, बोलत चालावे. कानात इअरफोन नकोत. दहाच्या आत सावली गाठावी.

अर्थात हवे तिथे चालता येत नाही. नवेगाव राष्ट्रीय उद्यान नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येते. उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश नाही. पायी कुठपर्यंत जाता येईल, हे आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारावे.

पाण्यात उतरावे का?

नाही. पाणी ओसरलेल्या काठावर वरची माती वाळलेली दिसते, खाली मात्र गाळ असतो. पाय रुतला की पोहता येणाराही घाबरतो. वाचवायला धावलेला दुसराही अडकतो. सेल्फीसाठी काठावर जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

ऊन लागले तर?

पाण्याजवळ हवा दमट असली की घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही सुरुवात. तेव्हाच सावलीत बसवून ओआरएस द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. जंगल भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे रेंज शेवटची कुठे होती हे गटातल्या एकाने तरी लक्षात ठेवावे.