फवारणी पंपाचा दम का सुटतो?



पावसाने चार दिवस उघडीप दिली आहे, कपाशीवर तुडतुडे चढले आहेत आणि नेमका त्याच वेळी पाठीवरचा पॉवर पंप रुसतो. दोर ओढला की इंजिन सुरू होते, मंद गतीवर नीट चालतेही. पण रेस वाढवली की घुरघुरते, दम सोडते आणि बंद पडते. मग कोणी ते तसेच रेटतो, तर कोणी पिस्टन गेला असे समजून उसनवारीला निघतो. दोन्हीही चूकच.

एका गावी असाच पंप मला दाखवला. घरधनी नवा पिस्टन आणायला तालुक्याला निघाले होते. मी टाकीचे झाकण जरा सैल करायला सांगितले. इंजिनाने लगेच रेस धरली! झाकणाचे बारीक भोक मातीने बुजले होते. आत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हते. घरच्या वहिनींनी झाकण धुऊन दिले आणि दुपारी फवारणी सुरू झाली.

या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, हे ध्यानात ठेवा. पेट्रोल कमी पोचले की तेलही कमी पोचते. अशा उपाशी इंजिनाला रेटले, तर पिस्टन तापून ओरखडतो व इंजिन जाम होते. किरकोळ घाणीपायी मोठा खर्च ओढवतो तो असा.

दोष कोठे आहे ते आधी ओळखा. औषधाची टाकी रिकामी करून पंप धुवा. इंजिन गरम झाल्यावर रेस देऊन चोक थोडा लावा. इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. आणखी बिघडले, तर इंजिनाचा श्वास कोंडला आहे. ही परीक्षा क्षणभरच करा. पुढची कामे इंजिन बंद व थंड करून, हातमोजे घालून करा. जवळ विडी-काडी नको.

पेट्रोल कमी पडत असेल, तर क्रमाने झाकणाचे भोक, टाकीतील गाळणी, नळी आणि शेवटी कार्बोरेटर पाहा. जेट पेट्रोलने धुऊन हवा मारा. त्यात तार घालू नका, भोक मोठे होते. कार्बोरेटरचे बोल्ट सैल नाहीत ना, गास्केट फाटलेले नाही ना, तेही तपासा. पेट्रोल जुने असेल तर बदला. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि पाणी तळाशी बसते.

श्वास कोंडला असेल, तर एअर फिल्टर पाहा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मग सायलेन्सर काढा. आत काजळी साचली असेल, तर पिस्टनने सिलिंडरचे भोक झाकले जाईल असे ठेवून लाकडी काडीने ती खरवडा.

प्लगही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरे असेल तर पेट्रोल कमी. काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त.

तेल अंदाजाने ओतू नका. पुस्तिकेत १:२५ लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. १:५० असेल, तर २० मिलिलिटर. जादा तेलाने इंजिन जास्त टिकते हा गैरसमज आहे. त्याने काजळी वाढते आणि तेवढे पेट्रोलही कमी होते.

एवढे करूनही दम येत नसेल आणि दोर ओढताना हाताला जोर लागत नसेल, तर मात्र रिंगा झिजल्या असतील. मग जाणत्या मेकॅनिककडे जा. काय काय तपासले ते त्याला सांगा, म्हणजे नको तो भाग बदलला जाणार नाही.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. मृगापूर्वी एकदा पंप सुरू करून पाहा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. कीड आपल्या पंपासाठी थांबत नसते.