बडोदे संस्थानातील जर्मन कलेतिहासकार डॉ. हर्मन गोएट्झ : जीवन आणि कार्य

प्रस्तावना

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. १९१३ साली बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. विद्येला आश्रय देण्याच्या बडोदे संस्थानाच्या या धोरणाची ही बाजू सर्वपरिचित आहे. त्याच धोरणाची दुसरी बाजू मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. मायदेशाला अंतरलेल्या दोन जर्मन कलेतिहासकारांच्या हाती या मराठी संस्थानाने आपला कलासंग्रह सोपविला होता. त्यांपैकी डॉ. हर्मन गोएट्झ (१८९८–१९७६) यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वायुष्य

गोएट्झ यांचा जन्म जर्मनीतील कार्ल्सरूह येथे झाला. मोगलकालीन चित्रे हा त्यांच्या अभ्यासाचा प्रारंभीचा विषय होता. बर्लिन येथील ग्रंथालयात असलेल्या जहांगीरच्या चित्रसंग्रहावर त्यांनी एर्न्स्ट क्यूनेल यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० साली मोगल काळातील भारतीय संस्कृतीचा त्यांचा सचित्र कोश प्रकाशित झाला. चित्रातील वेशभूषा, शस्त्रे, अलंकार व वास्तू यांच्या आधारे चित्राचा काळ आणि त्यामागील समाजजीवन यांचा उलगडा करणे, ही त्यांची अभ्यासपद्धती होती. पुढे हॉलंडमधील लायडन येथील केर्न संस्थेत त्यांनी संशोधन केले आणि १९३६ साली ते भारतात आले.

बडोद्याचे संग्रहालय

सयाजीरावांनी उभारलेले बडोद्याचे संग्रहालय १८९४ साली खुले झाले. त्याला जोडून बांधलेल्या चित्रशाळेची इमारत १९१४ साली पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब होऊन तिचे उद्घाटन १९२१ साली झाले. मोगल व राजपूत लघुचित्रे, युरोपीय तैलचित्रे, तिबेटी कलावस्तू आणि निसर्गविज्ञानाचे नमुने असा विविधांगी संग्रह येथे जमला होता. संग्रह विपुल असला, तरी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी व अभ्यास होणे आवश्यक होते.

या कामासाठी प्रथम डॉ. एर्न्स्ट कोन-वीनर (१८८२–१९४१) यांची नेमणूक झाली. ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांचे अध्यापन संपुष्टात आले होते. १९३४ ते १९३९ या काळात त्यांनी संग्रहालयाची पुनर्रचना केली. १९३९ हे वर्ष बडोद्याच्या दृष्टीने संक्रमणाचे ठरले. फेब्रुवारीत सयाजीरावांचे निधन झाले, कोन-वीनर अमेरिकेस गेले आणि सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले. भारतातील जर्मन नागरिकांना, त्यांत नाझीविरोधकही आले, ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध करण्यास आरंभ केला. अशा प्रतिकूल वातावरणात गोएट्झ यांच्याकडे संग्रहालयाची सूत्रे आली व १९५३ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.

त्यांच्या कारकिर्दीत संग्रहालयाच्या शोधपत्रिकेचे प्रकाशन सुरू झाले. संग्रहातील वस्तू केवळ काचेच्या कपाटात न राहता संशोधनाच्या प्रवाहात आल्या, हे या उपक्रमाचे मोल होय. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानाचे संग्रहालय लोकशाही शासनाच्या ताब्यात आले. राजाश्रय संपला, तरी संग्रहाचा अभ्यास ज्ञात व नोंदलेला असल्यास तो सार्वजनिक ठेवा म्हणून टिकू शकतो, हे बडोद्याच्या उदाहरणातून दिसते.

अठराव्या शतकाचे पुनर्मूल्यांकन

१९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोएट्झ यांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय संस्कृतीच्या संकटाचा विचार केला. हा काळ म्हणजे केवळ ऱ्हास, अशी तेव्हाची रूढ समजूत होती. राजकीय विघटन होत असतानाच प्रादेशिक दरबारांतून कला, संगीत व राहणीमान यांना बहर आला होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हे शतक प्रामुख्याने मराठ्यांचे असल्याने मराठी अभ्यासकांना हा विचार महत्त्वाचा वाटावा. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. वाईजवळील मेणवली येथील त्यांच्या वाड्यातील भित्तिचित्रे याच कालखंडाची साक्ष देतात.

आधुनिक कलेची दखल

गोएट्झ यांची दृष्टी भूतकाळापुरती मर्यादित नव्हती. गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे १९४५ साली मुंबईत प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांतील एक चित्र गोएट्झ यांनी बडोदे संग्रहालयासाठी विकत घेतले. कलाशाळेतून नुकत्याच काढून टाकलेल्या तरुण चित्रकाराला मिळालेली ही सार्वजनिक संस्थेची मान्यता होती. दोन वर्षांनी सूझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. १९५४ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अभिरक्षक म्हणून गोएट्झ यांचीच निवड झाली. उत्तरायुष्यात त्यांनी हायडेलबर्ग येथे अध्यापन केले. तेथेच १९७६ साली त्यांचे निधन झाले.

समारोप

संग्रह करणे हे धनिकाचे काम असू शकते. त्याला अर्थ प्राप्त करून देणे हे अभ्यासकाचे काम आहे. सयाजीरावांनी हा भेद ओळखला आणि अभ्यासकाची निवड करताना जात, धर्म वा देश पाहिला नाही. आपल्या परिसरातील मंदिरे, किल्ले, जुनी घरे व मोडी कागदपत्रे यांना राजाश्रय नाही. त्यांची वस्तुनिष्ठ नोंद, छायाचित्रण व कालनिश्चिती करण्याचे दायित्व स्वाभाविकपणे महाविद्यालयांकडे येते. इतिहास, मराठी व भूगोल या विभागांनी एकत्र येऊन एकेका गावाची नोंदवही सिद्ध केली, तरी त्या कार्याचा आरंभ होईल. नोंद नसलेली वस्तू हरवली, तर ती हरवल्याचेही कोणास कळत नाही.