पट्टा फिरतो, माणूस चालतो

मोठ्या शहरांतल्या पुनर्वसन केंद्रांच्या माहितीपत्रकांवर हल्ली एक छायाचित्र हमखास सापडतं. चकचकीत खोली, जाडजूड चौकट, तिच्यातून खाली आलेल्या दोरांना अडकवलेला माणूस, त्याच्या मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे यांत्रिक पाय आणि खाली सरकता पट्टा. यंत्र गुडघा वाकवतं, पाय उचलतं, पुढे टाकतं. माणूस चालताना दिसतो. लकव्याच्या झटक्यात घरातल्या कुणाची एक बाजू गेली असेल, तर हे चित्र पाहून काय वाटतं हे वेगळं सांगायला नको.

या यंत्राची वंशावळ मांजरांपासून सुरू होते. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, स्नायूंकडून परत येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी मागच्या पायाचे स्नायू आळीपाळीने आवळत-सैल होत राहतात. म्हणजे चालण्याचा ठेका खाली, पाठीच्या कण्यातच तयार होतो. मेंदू वरून हुकूम देतो, पण प्रत्येक पाऊल तो स्वतः रचत नाही. पुढे या गृहस्थांचं मन गिर्यारोहणात रमलं. १९२७ आणि १९२८ मध्ये फ्रँक स्माइथबरोबर त्यांनी माँ ब्लांच्या ब्रेन्वा भिंतीवरून दोन नव्या वाटा काढल्या. त्यांच्या त्या शोधाकडे मात्र पुढची कित्येक दशकं फारसं कुणी पाहिलं नाही.

१९८०च्या दशकात लॉस एंजेलिस आणि माँट्रियलमधल्या संशोधकांनी हा धागा पुन्हा उचलला. माँट्रियलला ह्यूग बार्बो आणि सर्ज रोसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या प्रौढ मांजरांना ट्रेडमिलवर सराव दिला. सुरुवातीला अंगाचा भार तोलून धरायचा आणि पट्टा फिरवत ठेवायचा. काही आठवड्यांनी ती मांजरं मागच्या पायांवर स्वतःचा भार घेऊन पावलं टाकू लागली. मग प्रश्न आला तो साहजिकच होता: माणसाला असंच वरून तोलून धरलं तर?

इथे तर्कात एक फट होती. मांजरांचा कणा तोडलेला होता, मेंदू धड होता. लकव्यात नेमकं उलटं: कणा शाबूत असतो, वरचा हुकूम देणारा भाग रक्ताविना मेलेला असतो. पाऊल टाकायचा ठेका आहे, पण तो कधी सुरू करायचा, कुठे वळवायचा, समोर उंबरठा आला तर पाय किती उचलायचा, हे सांगणारं कुणी नाही. माझ्या मते या यंत्राची पुढची सगळी कहाणी या फटीतून वाहते.

लकव्यातून उठलेल्या माणसाची चाल लांबूनही ओळखू येते. कोपर आखडून हात छातीशी आलेला. पाय मात्र ताठ; गुडघा वाकत नाही, पावलाचा पुढचा भाग खाली लोंबतो, त्यामुळे बोटं जमिनीला घासतात. ती घासू नयेत म्हणून माणूस कंबर वर खेचतो आणि अख्खा पाय कोयता फिरवावा तसा बाहेरून गोल फिरवून पुढे आणतो. पाहणाऱ्याचं लक्ष या फिरणाऱ्या पायाकडे जातं. फिजिओथेरपिस्ट मात्र आधी चांगल्या पायाकडे पाहतात. तो घाईघाईने, आखूड पाऊल टाकतो, कारण तो हवेत असतो तेवढा वेळ सगळा भार दुबळ्या पायावर असतो आणि त्या पायाचा भरवसा नसतो. निरोगी माणसाचा प्रत्येक पाय चालीच्या एका फेऱ्यातला सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. लकव्यात हा हिशेब दोन्ही पायांचा वेगवेगळा होतो, आणि मेहनत दुप्पट करूनही वेग अर्ध्यावर येतो.

दोरांची गरज इथे पटते. छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधून वजनाचा काही भाग वर उचलून धरला, की दुबळ्या पायावर उभं राहायची धास्ती कमी होते आणि चांगल्या पायाला पूर्ण पाऊल टाकायला सवड मिळते. माँट्रियलच्याच गटाने १९९८ मध्ये १०० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांचा ४० टक्क्यांपर्यंत भार दोरांनी पेलला, निम्मे पूर्ण वजनानिशी त्याच पट्ट्यावर चालले. सहा आठवड्यांनी दोरवाल्यांचा तोल, वेग आणि दम, तिन्ही सरस ठरले. त्याआधीच बर्लिनमध्ये श्टेफान हेसे यांनी अजिबात चालू न शकणाऱ्या रुग्णांना असं लटकवून चालवायला सुरुवात केली होती.

अडचण वेगळीच निघाली. पट्टा फिरत असताना रुग्णाचा दुबळा पाय दर पावलाला कुणीतरी हाताने उचलून पुढे ठेवावा लागे. एक फिजिओ पट्ट्याच्या कडेला वाकून बसलेला, दुसरा मागे कंबर धरून उभा. दहा-वीस मिनिटांत रुग्णाआधी फिजिओची पाठ बोलू लागे. बर्लिनच्या गटाने यावर पावलाखाली फिरत्या पाट्या असलेलं यंत्र बांधलं. झ्युरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो आणि सहकाऱ्यांनी कंबर-गुडघ्याला मोटरी असलेले यांत्रिक पाय बनवले. त्याचा शोधनिबंध २००० साली आला. माहितीपत्रकावरचं ते यंत्र याच कुळातलं. नाव लोकोमॅट. म्हणजे हा रोबो जन्माला आला तो रुग्णाला अधिक चांगलं शिकवण्यापेक्षाही शिकवणाऱ्याची कंबर वाचवण्यासाठी. त्यात कमीपणा काही नाही. फक्त विकताना हे कुणी सांगत नाही.

मग अमेरिकेत मोठी परीक्षा झाली. पामेला डंकन यांच्या नेतृत्वाखाली ४०८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी दोर-ट्रेडमिल, दुसऱ्याला तेच सहा महिन्यांनी. तिसऱ्याला दोन महिन्यांनी घरीच व्यायाम: ताकद आणि तोल यांचे साधे प्रकार, फिजिओ घरी येऊन करवून घेणार. प्रत्येक गटाला ९० मिनिटांची ३६ सत्रं. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. वर्षअखेरीस ५२ टक्के रुग्णांची चाल वरच्या पायरीवर गेली होती आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तिघांचाही वेग सेकंदाला सुमारे पाव मीटरने वाढला. ट्रेडमिलवाल्यांना चक्कर येण्याच्या तक्रारी मात्र जास्त, आणि ज्यांची चाल मुळात फार खालावलेली होती आणि ज्यांनी पट्टा लवकर सुरू केला, त्यांच्यात पुन्हा पुन्हा पडणारेही जास्त.

रोबोची गत त्याहून वाईट झाली. २००८ आणि २००९ मध्ये आलेल्या दोन अमेरिकी अभ्यासांत आधीच थोडंफार चालू शकणाऱ्या रुग्णांनी रोबोपेक्षा फिजिओच्या हाताखाली जास्त वेग मिळवला. कारण विचार केला तर सरळ आहे. यंत्र पाऊल बिनचूक टाकून देतं. चुकायला वाव नाही, म्हणून सावरायला वाव नाही. सावरायचं नाही, म्हणून मेंदूला कामच नाही. पाय हलतात, माणूस पडद्यावरची बाग बघतो. फिजिओचा हात मात्र पुढच्या पावलाला थोडी कमी मदत करतो, त्याच्या पुढच्याला आणखी थोडी कमी, आणि रुग्ण डगमगला की तेवढ्यापुरता घट्ट होतो.

पण फिजिओथेरपीनेही पाठ थोपटून घ्यावी असं नाही. उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांत नेहमीची सत्रं शेजारी बसून मोजली, तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलं भरली. २००९ मधली ही मोजणी. प्रयोगशाळेतली जनावरं सुधारतात ती हजारो पावलांवर. आपल्याकडे गादीवर झोपवून पाय वरखाली करणं आणि तेलाची मालीश यातच बरीच सत्रं संपतात. तिथे कुणी पावलं मोजली तर आकडा ऐकवणार नाही.

तेव्हापासून वारं फिरलं आहे. झटक्याला सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णांसाठी २०२० मध्ये अमेरिकी फिजिओथेरपिस्टांनी काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: नाडी वाढेल, धाप लागेल एवढ्या जोराने चालवा, भार उचलणारी ट्रेडमिल आणि रोबो यांवर वेळ घालवू नका. आज जिथे हे काम नीट चालतं तिथे दोर असतातच, पण ढिले. भार उचलायला नाही, फक्त पडता पडता धरायला. आणि धरायची सोय झाली म्हणून फिजिओ काम अवघड करतात: दुबळ्या पायाला वजन बांधतात, पट्ट्यावर अडथळे ठेवतात, चढ वाढवतात. भार हलका करायला आणलेलं साधन आता तो वाढवता यावा म्हणून वापरलं जातं. ज्याला रोबोचा खरा उपयोग आहे तो रुग्ण वेगळा: झटक्याला तीन महिने व्हायचेत आणि आधाराशिवाय एक पाऊल टाकता येत नाही असा. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र मिळालं तर स्वतंत्रपणे चालायला लागण्याची त्याची शक्यता वाढते, हे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. पण जाहिरातीतला माणूस बहुधा आधीच चालणारा असतो.

काळवेळेचाही हिशेब आहे. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांचा माग ठेवला तेव्हा दाखल होताना निम्म्यांना चालताच येत नव्हतं, आणि ९५ टक्के रुग्णांनी आपली सर्वांत चांगली चाल ११ आठवड्यांत गाठली. म्हणून घाई हवी, पण आंधळी नको. झटक्यानंतर २४ तासांच्या आत पलंगावरून उठवून वारंवार उभं करण्याची चाचणी पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर झाली. २०१५ मधल्या निकालात जास्त उठवलेल्यांचीच अवस्था थोडी वाईट निघाली. दुसऱ्या दिवशी ‘अजून चालवत का नाही?’ म्हणून वॉर्डात भांडणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावं.

मग घरीच करून घेऊ, असं कुणी म्हणेल. भारतात तेही तपासून झालं आहे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांच्या घरच्यांपैकी निम्म्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. सून किंवा मुलगा पुस्तिका वाचून फिजिओ होत नाही, एवढा याचा अर्थ. अमेरिकेतल्या त्या घरच्या व्यायामातही घरी येणारा माणूस शिकलेला होता, हे विसरून चालणार नाही. मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात सुरू झालं, हाजी अलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था १९५५ची. मुंबईला हे ज्ञान नवं नाही. तालुक्याच्या गावी मात्र आठवड्यातून दोनदा रिक्षा करून फिजिओकडे जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी आणि रिक्षाचे पैसे, दोन्ही जातात.

घरच्यांच्या वाट्याला येतं ते वेगळं, आणि तेही थोडं नाही. दुबळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. त्याच बाजूला, किंचित मागे उभं राहून कमरेचा पट्टा धरायचा. काठी चांगल्या हातात. रबरी चप्पल बंद, कारण बोटांना ती पकडता येत नाही. मागून पट्टा असलेली सँडल हवी. पाऊल फारच लोंबत असेल तर पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट बुटात बसतो. १९६१ मध्ये लिबरसन यांनी टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला विजेचा हलका झटका देणारं साधन केलं होतं. त्याच्या सुधारित आवृत्त्या मिळतात, पण बहुतेकांचं काम स्प्लिंटवर भागतं.

आणि मोजायचं. १० मीटर अंतराच्या दोन्ही टोकांना खडूने रेघ मारायची, थोडं आधीपासून चालत यायचं, घड्याळ लावायचं. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, तर फिरणं घरापुरतं राहतं. साडेबारा सेकंदांच्या आत आला, तर माणूस बाजारात एकटा जाऊन येऊ शकतो, अशी ढोबळ वाटणी जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केली आणि ती अजून चालते. २५ सेकंदवाल्याला १५ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला साडेसदतीस सेकंद लागतील, आणि तेवढा वेळ आपल्याकडचा सिग्नल पायी चालणाऱ्याला क्वचितच देतो.