कासव षट्कोन काढतं तेव्हा

सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं, पेनाने रेघ ओढणारं यांत्रिक कासव आलं. समभुज त्रिकोण काढायचा म्हटलं की मुलं हमखास ६० अंश वळायला सांगतात, कारण आतला कोन ६०चा हे पाठ असतं. कासव मात्र षट्कोनाच्या वाटेला लागतं. मग मुलं स्वतः ती वाट चालून बघतात आणि वळायचं ते बाहेरच्या कोनाइतकं, १२० अंश, हे पायांना कळतं. शिक्षकांआधी फरशीवरच्या रेघेनेच चूक दाखवलेली असते. वर्गातल्या रोबोटचं खरं बळ मला इथेच दिसतं.

एक आक्षेप वजनदार आहे. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात लोगो शिकलेली मुलं इतर कामांच्या नियोजनात सरस ठरली नाहीत. मान्य! रोबोट आणला की बुद्धी आपोआप तल्लख होते, हा दावा टिकत नाही. पण कोन, अंतर, क्रम यांपैकी नेमकं काय शिकवायचं हे आधी ठरवलं, तर तो आक्षेप लागू होत नाही. खर्चाचं म्हणाल, तर सुरुवातीला यंत्रही नको: एकाने आज्ञा द्यायची, दुसऱ्याने खडू घेऊन तेवढंच चालायचं. यंत्र नंतर आणा, पण आणाच. मित्र चुकीची आज्ञा सावरून घेतो, कासव घेत नाही.