मोबाईलवरची प्रश्नमंजूषा आणि आपली मुले



लागणीच्या नोंदी चालू असताना गट ऑफिसात एक सभासद आले. नोंद राहिली बाजूला, त्यांनी मोबाईलच पुढे केला. "साहेब, पोरीनं ह्याच्यावर दहा प्रश्नांची परीक्षा दिली. म्हणतंय, हिनं चित्रकार व्हावं. ती म्हणते कृषी डिप्लोमा. फॉर्मला दोनच दिवस राहिल्यात. करायचं काय?"

आम्ही मुलीला सांगितले, "बाळ, उद्या हीच चाचणी पुन्हा दे." दुसऱ्या दिवशी उत्तर आले, शिक्षिका! एकाच प्लॉटचे दोन रिपोर्ट.

माती परीक्षणाच्या वेळी आम्ही नेहमी सांगतो, की बांधालगतची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका, आठ-दहा ठिकाणची घ्या. मूठभर मातीवर खताचा डोस ठरत नाही. मग दहा प्रश्नांवर मुलीचे आयुष्य कसे ठरवावे?

म्हणून चाचण्या टाकाऊ, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली आपला सिद्धांत मांडला. पुढे त्यातून आवडीचे सहा प्रकार रूढ झाले: हातकाम, शोध, कला, समाजसेवा, उद्योग आणि हिशेबी काम. पुष्कळ चाचण्या त्यावरच बेतल्या आहेत. आपल्या राज्य मंडळानेही २०१६ साली दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. पण कल म्हणजे आवड. अंगी कुवत किती, घरची ऐपत किती, कॉलेज किती लांब, हे त्यात येत नाही. ते आपणच बसून बोलायचे.

प्रश्नमंजूषेचा खरा उपयोग अभ्यासात आहे. रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा एकदाच वाचून, आठवेल ते लिहायला लावले. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला जास्त आठवला. पण आठवड्याने त्यातला ४२ टक्के उरला, आणि लिहून काढलेला ५६ टक्के! मुलगा धडा वाचून मोबाईलवर प्रश्न सोडवीत असेल, तर लगेच रागावू नका. चुकलेले उत्तर पुस्तकात शोधतो का, एवढे पाहा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाच चाचणीवर विसंबू नका. निकालासाठी पैसे किंवा आधार नंबर मागितला, तर तिथेच थांबा. आणि ज्या कामाचे नाव निघेल, ते काम मुलाला एक दिवस प्रत्यक्ष दाखवा.

आम्ही डिप्लोमाला गेलो, तेव्हा आवड कोणी विचारली नव्हती. काम करता करता गोडी लागली. त्या मुलीला आम्ही एक दिवस ऊस रोपवाटिकेत नेले. दिवसभर ती ट्रे भरीत, प्रश्न विचारीत होती. संध्याकाळी वडील म्हणाले, "कळलं साहेब." दुसऱ्या दिवशी कृषी डिप्लोमाचा फॉर्म भरला गेला.

आपला,
ऊस विकास अधिकारी